गच्चीवर पक्षी ऐकणारं यंत्र: बोर्ड नंतर, आधी हिशेब

प्रश्न असा आहे. कोथरूडला, वेताळ टेकडीच्या उताराजवळ चौथ्या मजल्यावर राहणाऱ्या एका सॉफ्टवेअर इंजिनिअरला बाल्कनीत दिवसरात्र ऐकत राहणारं यंत्र बसवायचं आहे. हिवाळी पाहुणे कधी आले, कधी गेले, हे त्यातून कळावं. जमलं तर बेडूक आणि वटवाघळंही. त्यांनी विचारलंय की रास्पबेरी पाय (तळहाताएवढा संगणक) घ्यावा की ईएसपी३२ (त्याहून साधी, वायफाय असलेली चिप), माइक कोणता, ओळख पटवणारं मॉडेल स्वतः घडवावं का, आणि पुढेमागे हे यंत्र विकता येईल का.

बोर्डाचं उत्तर एका दमात देतो, कारण तो यातला सर्वांत सोपा भाग आहे. घरात वीज आणि वायफाय असेल तर रास्पबेरी पाय ४ घ्या. जुना पाय ३ पडून असेल तर तोही चालेल. त्यावर आवाजावरून पक्षी ओळखणारं बर्डनेट-पाय किंवा बर्डनेट-गो हे सॉफ्टवेअर चढवा. पाय झीरो २ डब्ल्यूवरही हे चालतं, पण त्याची मेमरी ५१२ एमबीच आहे, त्यामुळे नोंदी बघायला पान उघडलं की तो धापा टाकतो. ईएसपी३२वर एवढं मोठं मॉडेल बसत नाही. त्याचा उपयोग आवाज उचलून वायफायवरून घरातल्या पायकडे पाठवण्यापुरता. झालं. आता तुम्ही न विचारलेला प्रश्न: हे यंत्र नेमकं मोजणार काय?

कोकिळेचंच घ्या. ऑक्टोबर ते जानेवारी पुण्यात तिचा आवाज जवळजवळ बंद असतो. फेब्रुवारी संपता संपता सुरुवात होते आणि एप्रिल-मेमध्ये पहाटे साडेचारला झोपमोड होईल इतका कल्ला चालतो. तुमच्या आलेखात कोकीळ शून्यावरून थेट माथ्यावर चढलेली दिसेल, आणि कुणीही म्हणेल, बघा, वसंतात आली! प्रत्यक्षात ती कुठेही गेलेली नसते. वडा-उंबराची फळं खात गुपचूप तुमच्याच गल्लीत असते. विणीचा हंगाम आला की नर ओरडू लागतो, एवढंच. दयाळाचंही तेच: हिवाळाभर तो बागेत असतो, पण त्याचं खरं गाणं ऐकू येतं ते उन्हाळ्यात. म्हणजे हे यंत्र पक्ष्याची हजेरी घेत नाही, पक्ष्याचं बोलणं मोजतं. स्थलांतर मोजायचं असेल, तर इथे असताना सतत बोलणारे आणि नसताना खरोखरच नसणारे पक्षी निवडावे लागतात.

पुण्यात असा सर्वांत चांगला उमेदवार म्हणजे हिरवट पर्णवटवट्या. चिमणीपेक्षा लहान, पानांच्या रंगाचा, दुर्बिणीतही धड सापडत नाही. पण हिवाळ्यातसुद्धा तो आपापला झाडांचा पट्टा राखून असतो आणि त्यासाठी दिवसभर एक तीक्ष्ण, दोन तुकड्यांची हाक देत राहतो. उन्हाळ्यात तो हिमालयात आणि त्याच्या पलीकडे मध्य आशिया, सायबेरियाकडे वीण करतो. आपल्याकडे सप्टेंबर-ऑक्टोबरपासून एप्रिलपर्यंत. टेकडीच्या कडेला, आवारात पावसाळी शिरीष आणि चिंच असलेल्या सोसायटीत तो हमखास असतो आणि नव्याण्णव टक्के रहिवाशांना पत्ता नसतो. झुडपातून 'टक्, टक्' करणारा ब्लिथचा बोरू वटवट्या हा दुसरा. तिसरा चातक. नैर्ऋत्य मोसमी वाऱ्यांच्या पुढेमागे आफ्रिकेकडून येतो आणि आल्याआल्या ओरडायला लागतो, त्यामुळे मे अखेर ते जूनमधली त्याची पहिली नोंद खरोखर आगमनाच्या जवळची असते. नवरंगही त्याच सुमारास, पहाटे आणि तिन्हीसांजेला दोन सुरांची शीळ घालून जातो. एवढे चार पक्षी नीट सांभाळा. बाकीची शंभरेक नावं यंत्र आपोआप देईल. ती चहाच्या वेळी बघायला छान असतात.

आता हिशेब. बंगळुरूच्या राष्ट्रीय जीवविज्ञान केंद्रातून २००७ साली मायग्रंटवॉच नावाचा उपक्रम सुरू झाला होता. हिवाळी पाहुणा पहिल्यांदा कधी दिसला ती तारीख लोकांनी कळवायची. अशा नोंदीतली मूळ अडचण अशी, की पहिली तारीख पक्ष्यावर जितकी अवलंबून असते तितकीच बघणाऱ्यावर. रविवारीच टेकडीवर जाणाऱ्याचे सगळे पक्षी रविवारी येतात. घरच्या यंत्राचा मोठा फायदा हाच, की ते मंगळवारीही ऐकतं. पण हा फायदा टिकतो तो यंत्र केव्हा ऐकत नव्हतं याची नोंद असली तरच. वीज गेली, कार्ड भरलं, वायफाय तुटलं, रात्रभर मुसळधार पाऊस पडला: या सगळ्या वेळी यादीत पक्षी नसतो, आणि पक्षी खरोखर नव्हता तेव्हाही नसतो. दोन्ही रकाने सारखेच रिकामे दिसतात. म्हणून पहिल्या दिवसापासून एक वेगळा तक्ता लिहिणारी छोटी स्क्रिप्ट ठेवा: त्या तासात किती मिनिटांचा आवाज प्रत्यक्ष तपासला गेला, गोंगाटाची पातळी किती होती, माइकचा गेन (आवाज किती वाढवून घेतला) किती, मॉडेलची आवृत्ती कोणती. मग 'आज २० वेळा ऐकला' असं न म्हणता 'ऐकलेल्या दर तासाला इतक्या वेळा' असं म्हणता येतं. त्यातही तो आकडा पक्ष्यांच्या संख्येचा नाही, हे लक्षात असू द्या. कुंडीत घरटं केलेली बुलबुलांची एक जोडी दिवसाला चारशे नोंदी देऊ शकते.

याच कारणासाठी हंगामाच्या मध्यात काहीही बदलू नका. माइक, गेन, जागा, मॉडेल, काहीच नाही. नवी आवृत्ती आली की चढवायचा मोह इंजिनिअर मंडळींना फार असतो. तो आवरा, किंवा जुना आवाज जपून ठेवा म्हणजे नव्या मॉडेलने सगळं पुन्हा तपासता येईल. ४८ किलोहर्ट्झ, १६ बिट, एकच चॅनेल धरला तर तासाला सुमारे ३४५ एमबी आणि दिवसाला ८.३ जीबी होतात. ६४ जीबीचं कार्ड आठवडाभरात भरतं. सगळं ठेवायची गरज नाही. दर दहा मिनिटांतलं एक मिनिट ठेवा. वर्षाला ३०० जीबीच्या आसपास होतं, फ्लॅक या, आवाज न बिघडवता फाइल लहान करणाऱ्या स्वरूपात त्याहून बरंच कमी, आणि एका साध्या हार्डडिस्कवर दोन-तीन वर्षं मावतात.

माइकवर थोडं रेंगाळतो, कारण पैसे इथे वाया जातात. बुधवार पेठेत तपकीर गल्लीत गेलात तर आयएनएमपी४४१ हा डिजिटल मेम्स (चिपवरचा) माइक स्वस्तात मिळेल. त्याची स्वतःची खरखर सुमारे ३३ डेसिबल. पक्षी ध्वनिमुद्रणवाल्यांचा लाडका प्रिमो ईएम२७२ हा इलेक्ट्रेट (ॲनालॉग) माइक मात्र १४ डेसिबलच्या आसपास असतो. कागदावर फरक प्रचंड आहे. पण निवासी भागात दिवसाची कायदेशीर मर्यादाच ५५ डेसिबल आणि रात्रीची ४५, आणि पौड रस्त्याच्या आसपास ती पाळली जाते असं कुणी छातीठोकपणे सांगणार नाही. अशा जागी दिवसा दोन्ही माइक जवळपास सारखेच ऐकतात. महाग माइक रस्ता जास्त स्वच्छ ऐकवतो इतकंच. फरक पडतो तो पहाटे दोन ते पाचमध्ये, किंवा तुमची बाल्कनी खरोखर टेकडीकडे तोंड करून असेल तर. तुमची तशी आहे, म्हणून तुम्ही ईएम२७२ घ्या, सोबत साधं यूएसबी साउंडकार्ड.

दुसरं कारण तारेचं आहे. आयएनएमपी४४१सारख्या माइकची आय२एस (डिजिटल आवाज नेणारी) तार वीत-दोन वीत लांबीपलीकडे नेली की भानगडी सुरू होतात. म्हणजे बोर्ड माइकच्या शेजारीच, उन्हापावसात, ठेवावा लागतो. इलेक्ट्रेट माइक चांगल्या शिल्डेड तारेवर तीन-चार मीटर बाहेर काढता येतो आणि पाय घरात पंख्याखाली राहतो. एप्रिलच्या उन्हात बंद डब्यातला पाय ८० अंशांवर जाऊन स्वतःचा वेग कमी करतो, तेही टळतं. साउंडकार्डमधला आपोआप आवाज वाढवणारा पर्याय मात्र आधी बंद करा. सीसीटीव्ही कॅमेऱ्याचा माइक वापरायचा विचार असेल तर सोडून द्या. त्यातली गोंगाट कमी करणारी सोय माणसाचं बोलणं ठेवते आणि बाकीचं पुसते, त्यात पक्षीही गेले.

जागा निवडताना एसीचं बाहेरचं यंत्र, स्वयंपाकघराचा एक्झॉस्ट आणि पाण्याच्या पंपाची खोली यांपासून लांब राहा. भिंतीला चिकटवून माइक लावू नका. भिंतीवरून परत येणारा आवाज मूळ आवाजात मिसळून काही सूर खातो. चौथा मजला उत्तम आहे, झाडांच्या शेंड्यांच्या पातळीला. अकराव्या-बाराव्यावर पक्षी खाली राहतात आणि वर येतो तो फक्त रस्ता. गच्चीवर लावायचं तर आधी सोसायटीच्या सेक्रेटरींशी बोला; वायर आणि डबा बघून लोक भलतंच काही समजतात.

खालच्या आवाजांचा गोंगाट कापायला हाय-पास फिल्टर लावतात. तो हजार हर्ट्झवर ठेवला तर वाहतूक छान गायब होते, आणि सोबत भारद्वाजाचा घुमणारा 'ऊप ऊप' आणि मोठी घुबडंही. २००-३०० हर्ट्झच्या वर जाऊ नका.

पावसाळ्यासाठी पीव्हीसी पाइपचं एल्बो पुरतं, तोंड जमिनीकडे करून, आत माइक, बाहेर फरचं टोपण. पत्र्याच्या छपराखाली लावू नका, जून ते सप्टेंबर फक्त ताशा ऐकू येईल. आणि पाण्यापेक्षा मोठा शत्रू कुंभारीण माशी. बोटाएवढं मोकळं भोक दिसलं की ती मातीने लिंपून टाकते, आत अंडं घालून. आवाज एकदम दबका झाला, सगळे उंच सूर गेले, तर सॉफ्टवेअरमध्ये डोकं घालण्याआधी पाइपचं तोंड लिंपलं गेलंय का ते बघा, आणि तिथे बारीक जाळी लावा.

विजेचं सांगायला नको. वीज अचानक गेली की एसडी कार्ड खराब होतं, म्हणून छोटी बॅटरी बॅकअप आणि नोंदी कार्डाऐवजी एसएसडीवर. पाय ४मध्ये घड्याळाची स्वतःची सोय नाही. वीज आली पण इंटरनेट आलं नाही, तर तो चुकीच्या तारखेवर सुखाने नोंदी करत राहतो. स्थलांतराच्या कामात हे चालणारच नाही. डीएस३२३१ हे घड्याळाचं मोड्यूल स्वस्त आहे, लावून टाका.

आता मॉडेल. बर्डनेट हे कॉर्नेल विद्यापीठाची पक्षी प्रयोगशाळा आणि जर्मनीतलं केमनिट्झ विद्यापीठ यांचं काम आहे. ते आवाजाचे तीन-तीन सेकंदांचे तुकडे पाडून प्रत्येकाचं चित्र तपासतं आणि ६ हजारांहून अधिक प्रजातींमधून नाव सुचवतं. शून्यापासून स्वतःचं मॉडेल घडवायच्या फंदात पडू नका, तेवढा नाव लावलेला आवाज तुमच्याकडे नाही. पण बर्डनेटच्या वर आपला छोटासा थर शिकवता येतो आणि तो तुम्ही जरूर शिकवा, कारण पुण्याचे काही आवाज केमनिट्झमध्ये कुणी ऐकलेले नाहीत. चिमणीच्या चिवचिवाटाची डोअरबेल. रिव्हर्स घेताना गाणं वाजवणारी गाडी. समोरच्या बाल्कनीतले पिंजऱ्यातले बजरीगर. खार तर खास. तिची एकसुरी चिकचिक कोणत्या ना कोणत्या पक्ष्याच्या नावावर जमा होत असते. रात्री पालीची चुकचुक. गणपतीआधी दीड-दोन महिने संध्याकाळी ढोल-ताशा पथकांचा सराव चालतो, तेव्हाचे तास सरळ 'गोंगाट' म्हणून वेगळे काढा. या प्रत्येकाचे पन्नासेक नमुने गोळा करून 'पक्षी नाही' असं शिकवलं की यादी बरीच निवळते. बेडकांसाठीही हाच मार्ग. बर्डनेटमध्ये थोडेफार बेडूक आहेत, पण बहुतेक आपल्या डबक्यातले नाहीत.

बर्डनेट देतं तो विश्वासाचा आकडा ही शक्यता नव्हे. ०.८ म्हणजे ऐंशी टक्के खात्री असं कुठेही लिहिलेलं नाही. तांबटाच्या 'टुक टुक'ला ०.५ही पुरतो, एखाद्या दुर्मीळ घुबडाला ०.९ही पुरत नाही. प्रत्येक प्रजातीच्या कमी-जास्त आकड्यांच्या नोंदी स्वतः कानाने ऐका आणि तिची स्वतंत्र पातळी ठरवा. मॉडेल शिकलंय ते मुख्यतः झेनो-कँटो आणि कॉर्नेलचा मॅकॉले या पक्ष्यांच्या आवाजांच्या संग्रहांवर, ज्यात गाणी भरपूर. आपल्याकडे हिवाळी पाहुणे सहसा गात नाहीत, बारीकशी हाक देतात. म्हणून त्यांच्या नोंदी मुळातच कमी आकड्यांच्या येतात, आणि सरसकट ०.७ची चाळणी लावली की नेमके तेच गळतात.

सर्वांत लपलेला सापळा ठिकाण-आठवड्याच्या चाळणीचा. पुण्याचे १८.५ उत्तर, ७३.९ पूर्व हे आकडे दिले की बर्डनेट ईबर्ड या पक्षीनिरीक्षकांच्या संकेतस्थळावरच्या नोंदींवरून, या आठवड्यात इथे कोण असणं शक्य आहे ते ठरवतं आणि बाकीच्यांना गप्प करतं. रोजच्या वापराला ही सोय फार चांगली. पण तुम्हाला शोधायचं आहे तेच मुळी 'यंदा लवकर आला का' हे. लवकर आलेला पक्षी या चाळणीत 'अशक्य' ठरून आधीच फेकला जातो, आणि तुमचा आलेख दरवर्षी वेळेवर येणारे शिस्तीचे पक्षी दाखवतो. ठिकाण द्या, आठवडा देऊ नका. वर्षभराची यादी चालू ठेवा, चुकीच्या नोंदी वाढतील त्या हाताने काढा.

आगमनाची तारीख धरायला माझा नियम असा: वेगवेगळ्या तासांतल्या तीन नोंदी, तिन्ही कानाने ऐकलेल्या, पाठोपाठच्या दोन दिवसांत. एकटी नोंद पेन्सिलीने लिहायची. ईबर्डवर यंत्राची यादी तशीच चढवू नका. जे तुम्ही स्वतः ऐकून ओळखलं तेवढंच तिथे जावं.

रात्रीचं वेगळं. बरेच छोटे पक्षी रात्री प्रवास करतात आणि उडता उडता सेकंदाच्या काही शतांश एवढीच हाक देतात. युरोप-अमेरिकेत हौशी मंडळी आकाशाकडे माइक करून हे टिपतात. भारतातल्या अशा हाकांचे नमुने फार थोडे आहेत, त्यामुळे बर्डनेटकडून अपेक्षा नको. अचानक उठलेला छोटा आवाज वेगळा काढणारी साधी स्क्रिप्ट लिहा आणि सकाळी तुकडे डोळ्याने बघा. कोथरूडहून मिळेल ते बहुधा पाणपक्ष्यांचं: रातबगळ्याचा 'क्वॉक', तुतारीची तीन सुरांची शीळ, नशिबाने पुण्याजवळच्या कवडीपाटाकडे निघालेल्या चक्रवाकांची हाक. टिटवी रात्रभर ओरडते, पण ती इथलीच.

वटवाघळांसाठी हे यंत्र नाही. कीटक खाणारी बहुतेक वटवाघळं २० किलोहर्ट्झच्या वर, बरीचशी ४०-५०च्या आसपास ओरडतात. ४८ किलोहर्ट्झने मुद्रण केलं तर २४च्या वरचं काही नोंदलंच जात नाही. त्यासाठी ३८४ किलोहर्ट्झपर्यंत जाणारा ऑडिओमॉथ हा ध्वनिमुद्रक वेगळा घ्या, आणि तो पावसाळा संपताना टेकडीच्या कडेला लावा.

बाल्कनीतला माइक शेजाऱ्यांचं बोलणंही ऐकतो. बर्डनेट-पायमध्ये माणसाचा आवाज आला की तो तुकडा टाकून देण्याची सोय आहे, ती चालू ठेवा. दहातलं एक मिनिट साठवणाऱ्या तुमच्या स्क्रिप्टलाही हाच नियम लावा. आवाजाचं थेट प्रक्षेपण इंटरनेटवर देऊ नका, पक्ष्यांच्या नावांची यादी खुशाल द्या.

विकण्याबद्दल: बर्डनेटचं मॉडेल व्यावसायिक वापराला मोकळं नाही, त्याचा परवाना क्रिएटिव्ह कॉमन्सचा बिगर-व्यावसायिक प्रकारचा आहे. धंदाच करायचा तर गुगलचं पर्च मॉडेल बघा, त्याचा अपाची परवाना अशा वापराला आडवा येत नाही. पण आधी एक पूर्ण वर्ष स्वतःच्या बाल्कनीत चालवा. पावसाळा न पाहिलेलं यंत्र कुणाला विकू नये.

बसवायचं ते ऑगस्टच्या मध्याआधी. पहिला पर्णवटवट्या येण्याआधी यंत्राने काही आठवडे त्याच्याशिवायचे ऐकलेले असले पाहिजेत. १ ऑक्टोबरला सुरू केलेल्या यंत्राने २ तारखेला तो ऐकला, तर ती आगमनाची तारीख धरता येत नाही. त्या हंगामात फक्त एप्रिलमधली जाण्याची तारीख वहीत लिहा आणि आगमनाचा रकाना मोकळा सोडा.